नऊला निघून अकराला

"आधी दाढी कर माझी," बाबा म्हणाले. "अकराला विमान उतरतंय तिचं. असा भुतासारखा नको दिसायला."

मी त्यांच्या गालांना फेस लावला. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. नर्सच्या नोकरीत जन्म गेलेला, त्यामुळे डॉक्टर काल जे बोलले ते मला आधीच कळलं होतं. आज किंवा उद्या. धाकटी बहीण परदेशातून पोचेपर्यंत बाबा राहिले म्हणजे मिळवली.

"तिला फोन लाव. नऊला निघायचीय ना? घरीच असेल अजून."

"फोन बंद आहे, बाबा. ती विमानात आहे."

"आत्ता तर आठ वाजलेत!"

"नऊ तिकडचे हो, काल रात्रीचे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन होते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. माझा हात थांबला. म्हणजे यांना खरंच माहीत नव्हतं!

धाकटी पहिल्यांदा तिकडून आली तेव्हा बाबांनी तिचं तिकीट वाचलं होतं. नऊला निघून अकराला पोच. तेव्हापासून पालुपद एकच. "दोन तासांचं विमान! एवढ्यात मी पंप खोलून, दुरुस्त करून घरी यायचो. आणि बाईसाहेबांना बापाकडे यायला फुरसत नाही." आई गेली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पोचली, आणि बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. मला वाटायचं, रागाच्या भरात दोन तास म्हणतात.

टॉवेलखाली त्यांची बोटं हलत होती. हिशेब चालला होता.

"म्हणजे नऊ तास?"

"नऊ तास."

"एवढ्या लांब राहते ती? मग आईच्या वेळी..."

"मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाली होती, बाबा."

"मग सांगायचं नाही का कार्टीने?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत तिला!"

त्यांच्या डोळ्यातलं पाणी फेसात उतरलं. मला भडभडून आलं, पण हातात वस्तरा होता.

"खाली पंप सुरू केला तरी वरच्या मजल्यावर पाणी चढायला वेळ लागतो," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना हेच सांगत आलो. माझ्याच टाळक्यात शिरलं नाही बघ. आली की सांग, बाबा रागावलेले नाहीत. आधी झोप काढ म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"सांगतो." त्यांनी स्वच्छ शर्टाची बटणं स्वतःच लावली. दमले. मग म्हणाले, "आणि तू कधी झोपलीस?"

"माझं काय, मी इथेच असते."

"इथे असणारीला झोप नसते होय? पड जरा."

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. पाच मिनिटं म्हणून मी खुर्चीत डोळे मिटले.

बेल वाजली तेव्हा ऊन पलंगापर्यंत आलं होतं. बाबांचे गाल गुळगुळीत होते, शर्टाला सुरकुती नव्हती. मी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि हळूच खाली ठेवलं.

दारात धाकटी. डोळे सुजलेले. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलंच.

"मला उशीर झाला ना गं, ताई?"

"नाही," मी तिच्या हातातली बॅग घेतली. "नऊ तास लागतात. बाबांना माहीत होतं."