मुशीची पेटी

हयातीतल्या शेवटच्या संध्याकाळी विन्सेंट डिमेलो शेजाऱ्यांच्या घरांतून दुर्गंधी शोधत हिंडत होते. दुर्गंधी त्यांच्याच घरातली होती.

मस्कतमधल्या मत्रहच्या त्या इमारतीत दर हिवाळ्यात अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा वास सुटायचा आणि वरच्या मजल्यावरचे दयानंद दर वेळी विन्सेंटनाच हाक मारायचे. गाला या औद्योगिक वस्तीतल्या वर्कशॉपात एसीचे डक्ट बनवणारा माणूस. हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे त्याच्याहून कोणाला कळणार? विन्सेंट टॉर्च घेऊन हजर. जाळीला नाक लावायचे, डोळे मिटायचे, भिंतीवर टकटक करायचे आणि गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायचे, "शाफ्टमधून येतो." टॉर्च धरायला त्यांची मुलगी क्लेअर. शाळेत शिकवणारी, पंचविशी उलटलेली, आणि हसू दाबण्यात एव्हाना तरबेज.

"डॅडी, एक दिवस पकडला जाशील तू," जिना उतरताना ती म्हणाली.

"कोण पकडणार? शोधायला मलाच बोलावतात ना?"

"आणि बिचारा शाफ्ट?"

"माणसावर ढकलण्यापेक्षा बरं, बाय. शाफ्टला बायकापोरं नसतात."

घरात, न्हाणीघराशेजारच्या बोळात, त्यांची पेटी घूं घूं करत होती. एसीचं प्लायवूडचं रिकामं खोकं. आत सळ्यांवर टांगलेल्या मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, मिठात मुरवलेल्या पट्ट्या. खाली जाळी, वर हवा बाहेर ओढणारा पंखा, आणि पंख्याच्या तोंडाशी बायकोच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यांत भरलेला, वास शोषून घेणारा कोळसा. पंख्याने हवा आत ढकलली, की वास फटीफटीतून बाहेर येतो. तीच बाहेर ओढली, तर फटींतून हवा फक्त आत जाते. वारा थेट मासळीवर सोडायचा नाही, नाहीतर ती वरून कडक होते आणि आतून ओलीच राहते. हे सगळं विन्सेंट चर्चमध्ये मिस्सा ऐकणाऱ्याच्या भक्तीने समजावून सांगत.

खरी गंमत वेगळीच होती. खालच्या बाजारात असली सुकी मुशी राजरोस विकत मिळे, आणि इमारतीचा मालक, ज्याला सगळे अर्बाब म्हणत, ती चवीने खाई. नाकं मुरडत ती फक्त आपली माणसं, अर्बाब काय म्हणेल या धास्तीने. विन्सेंटना बाजारातली चालत नसे. दाताखाली वाळू येते म्हणे. म्हणून एवढा खटाटोप, तोही ओमानी मालकापासून नव्हे, दयानंदांपासून लपवायला.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपातच कोसळले. त्यांच्या हाताखालच्या इरफानने, रत्नागिरीच्या आणि याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या वेल्डरने, त्यांना उचलून पिकअपमध्ये घातलं. इस्पितळात डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पार्थिव गावी, वसईला, न्यायचे कागद होईपर्यंत घरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ठरली.

"बंद कर ती पेटी," आई, फ्लोरा, म्हणाली. "लोक येतायत. माणूस गेला, निदान अब्रू राहू दे."

"आत्ता बंद केली तर सडेल, मम्मी."

"सडू दे."

क्लेअरने बंद केली नाही. पण कोळसा किती दिवस टिकतो, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. टॉर्च धरणाऱ्याला ते कळून करायचं काय?

त्या संध्याकाळी रोझरीला पाहुण्यांच्या आधी वास येऊन बसला. दयानंद आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"विन्सेंट असते तर अर्ध्या तासात छडा लावला असता, वहिनी," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ते दुःखाचं की अमोनियाचं, हे विचारणं बरं दिसलं नसतं.

मग त्यांनी आवाज खाली आणला, पण इतका नाही की कुणाला ऐकू जाऊ नये. "आता मला सगळं कळलंय. शाफ्टबिफ्ट काही नाही. तळमजल्यावरची ती पोरं. एका खोलीत अर्धा डझन, काय शिजवतात कोण जाणे! विन्सेंट भला माणूस, त्यांना सांभाळून घेत होता. उद्याच अर्बाबला सांगून खोली रिकामी करून घेतो."

इरफान दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. पेटीतल्या सळ्या त्यानेच जोडून दिल्या होत्या. एक वाक्य बोलला असता तर त्याची खोली वाचली असती. पण मयताच्या घरात मयताची चहाडी करायला तो तयार नव्हता. तो खाली मान घालून कप मांडत राहिला.

फ्लोराने क्लेअरचा हात घट्ट दाबला. क्लेअरने तो हळूच सोडवून घेतला आणि ती उभी राहिली.

"दयानंद अंकल, त्यांना काढू नका. वास आमच्या घरातून येतोय. दर वर्षी आमच्याच घरातून यायचा."

आतल्या पंख्याची घूं घूं आता सगळ्यांना ऐकू येत होती.

"माझ्या डॅडींनी मुशी वाळत घातलीय," क्लेअर म्हणाली. "अजून दोन दिवस येईल वास. जाड तुकडे आतून ओले आहेत."