कशापेक्षा बेटर?

वर्लीन गिटन्सला त्या एका शब्दाचा जाम वीट आला होता. बेटर! बार्बाडोसच्या त्या गावात ताप उतरला की बेटर, धाकटी सून गुणी निघाली की थोरलीपेक्षा बेटर. त्याला निदान काही अर्थ तरी होता. शाळेत मात्र कॅटवेलबाई तिच्या निबंधाखाली नुसतंच 'बेटर' लिहायच्या, शेंडा ना बुडखा. आता वर्लीनला बावन्न पुरी झाली, तरी बाई काही सुधारल्या नव्हत्या.

दर नोव्हेंबरला चर्चच्या सभागृहात कोंकीची स्पर्धा भरायची आणि परीक्षक त्याच. मक्याचं पीठ, लाल भोपळा आणि नारळ एकत्र कालवून केळीच्या पानात वाफवायचं. वर्लीनने पहिल्या वर्षी पान विस्तवावर शेकलंच नाही. ते फाटलं आणि निम्मी कोंकी पाण्यात गेली. तरी ताटापुढच्या कार्डावर 'बेटर'च. पुढची सात वर्षंही तेच. यंदाही काही वेगळं होणार नाही, अशी पैज नवरा एल्रिक घरून निघतानाच लावून बसला होता, आणि मेला जिंकला.

निकालाआधी स्पर्धकाला परीक्षकांना एक प्रश्न विचारता येई, असा तिथला जुना नियम होता. आजवर कुणाची छाती झाली नव्हती. वर्लीन उठली. राग आता आवरत नव्हता.

"बाई, कशापेक्षा बेटर? चाळीस वर्षं झाली, वाक्य पुरं करा."

"खाली बस, वर्लीन."

"बसते की. आधी तुम्ही सांगा."

बाईंनी तिच्या ताटातली आणखी एक कोंकी पानातून सोडवली, सावकाश खाल्ली, बोटं पुसली. इतकी वर्षं तुझी आधीच्या तुझ्याशीच तुलना करत आले, असं त्या म्हणाल्या. त्यांची आई गेल्याला तीस वर्षं झाली होती, पण तिच्या हातच्या कोंकीची सर कुणाला नाही, हे त्याच सगळ्यांना ऐकवत आल्या होत्या.

"यंदाची माझ्या आईच्या कोंकीपेक्षा बेटर आहे," बाई म्हणाल्या. "झालं वाक्य?"

लोकांनी पाय आपटून सभागृह दणाणून सोडलं. एल्रिक बाकावर उभा राहून शिट्ट्या मारत होता. वर्लीन भर सभेत रडत होती, हसत होती, बाईंचा हात सोडत नव्हती. पहिल्या नंबरची फीत घ्यायला तिचं नाव तीनदा पुकारावं लागलं.