आत्याचा क्लच आणि भाच्याचं चाक

आत्यानं शब्द दिला तेव्हा भाचा सात वर्षांचा होता. "ज्या दिवशी हा क्लच माझ्या पायाचं ऐकणार नाही, त्या दिवशी गाडी तुझी," असं ती म्हणाली होती, आणि साक्षीला त्याच्या आईला उभं केलं होतं. भाचा आता बेचाळीस वर्षांचा होता. जुन्या स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करण्याचं त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, डोक्यावरचे केस निम्मे झाले होते आणि पोट दीडपट. गाडी अजून आत्याचीच होती.

गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, लांब नाकाची, गर्द हिरवी. वयानं आत्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. आत्या शाळेत शिवण शिकवायची, आणि ऐन तिशीत तिनं ही गाडी भंगारातून उचलून आणली तेव्हा सगळ्या घरानं कपाळाला हात लावला होता. तिनं लग्न केलं नाही त्याचं कुणाला एवढं वाटलं नाही, पण गाडीबद्दल नातेवाईक पाच वर्षं बोलत होते. ती आपली दर शनिवारी पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढून जायची आणि केसांचं घरटं करून परत यायची.

त्या गाडीचा क्लच म्हणजे एक शिक्षाच होती. त्या काळी असले क्लच कुणी बनवले देव जाणे, बनवणाऱ्याला स्वतःचे गुडघे नसावेत. भाच्यानं पहिल्यांदा तो दाबला तेव्हा त्याची मांडी थरथरली होती. आत्या मात्र पस्तीस वर्षं हसत हसत दाबत आली, आणि मग एक दिवस तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आता इथं खरं सांगायला हवं. ऑपरेशनची बातमी आली तेव्हा भाच्याला आत्याची काळजी वाटली, अगदी मनापासून वाटली. पण त्या काळजीच्या मागून, पावलांचा आवाज न करता, दुसराही एक विचार आला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं दवाखान्यात रोज दोनदा चकरा मारल्या.

चार महिन्यांनी आत्या काठी टेकत गॅरेजमध्ये आली. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली होती, फक्त जोर लावायचा नाही असं बजावलं होतं. तिनं ऐकलं होतं की हल्ली या जुन्या गाड्यांना बसतील असे हलके क्लच मिळतात, तसा एक बसवून दे, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे ज्या क्लचवर भाच्याची सगळी आशा टांगलेली होती, तोच त्यानं स्वतःच्या हातानं मऊ करून द्यायचा. तो हो म्हणाला. आत्याला नाही म्हणणारा माणूस त्या घराण्यात अजून जन्माला यायचा होता. रात्री जेवताना हे ऐकून त्याची बायको हसून हसून बेजार झाली.

काम त्यानं मात्र जीव ओतून केलं. गिअरबॉक्स खाली उतरवला, जुना क्लच काढला. त्यात नऊ जाडजूड स्प्रिंगा होत्या, आणि सगळ्या मिळून माणसाच्या पायाशी भांडायच्या. नव्या क्लचमध्ये थाळीसारखी एकच पातळ स्प्रिंग होती. ती बसवली की पेडल निम्म्याहून कमी जोरात खाली जाणार होतं.

इथंच थांबला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण क्लचच्या मागे फ्लायव्हील होतं, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, बिडाचं, दहा किलो वजनाचं. आणि मेकॅनिक मंडळींना एक जुनाट खोड असते. गिअरबॉक्स उतरला की त्यांचा हात मागितलेल्या कामावर थांबत नाही. नाहीतरी उघडलंच आहे, तर हेही करून टाकू, असं ते म्हणतात, आणि दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं.

भाच्याच्या फळीवर, तेलकट कागदात गुंडाळून, एक पोलादी फ्लायव्हील दोन वर्षं पडून होतं. वजन साडेचार किलो. शेजारच्या वर्कशॉपमधल्या टर्नरनं ते खास या गाडीच्या मापानं लेथवर कातून दिलं होतं. या टर्नरला सगळे ग्रॅमकाका म्हणायचे, कारण तो चहातली साखरसुद्धा तोलून घेईल असा माणूस होता. चाक हलकं की इंजिन नुसत्या इशाऱ्यावर उसळतं. भाच्यानं ते करून घेतलं होतं स्वतःसाठी, गाडी आपली होईल त्या दिवसासाठी. आता ते त्यानं कागदातून काढलं, पुसलं आणि गाडीला बसवलं. आत्याला विचारलं नाही. आज ना उद्या गाडी आपलीच आहे, असं तो मनाशी म्हणाला, आणि बोल्ट आवळले.

गाडी पारखायला तो स्वतः एक फेरी मारून आला. ऍक्सिलरेटरला पाय लागतो न लागतो तोच इंजिन गाऊ लागायचं. तो वळणावर एकटाच मोठ्यानं हसला.

शनिवारी सकाळी आत्या आली. काठी तिनं भिंतीला टेकवली, पातळ तळव्यांचे बूट घातले आणि आत बसली. क्लच दाबला आणि तिचे डोळे विस्फारले. "अरे, हा तर लोण्यासारखा आहे," ती म्हणाली. भाच्याला आपल्या कामाचा अभिमानच वाटला.

मग तिनं पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला, आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं. तिनं पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिनं श्वास रोखून, मिलिमीटर मिलिमीटर करत पाय उचलला, तरी तेच. गल्लीतली दोन-चार माणसं थांबून बघू लागली. पाचव्या खेपेला गाडी हातभर पुढं गेली आणि धाडकन थांबली.

 आत्यानं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दाबता येतो रे," ती म्हणाली, "पण सोडताना पाय ऐकत नाही. कापतोय बहुतेक, मला कळतही नाही." तिनं किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "शब्द म्हणजे शब्द. घे."

पस्तीस वर्षं ज्या किल्लीकडे तो बघत आला होता ती त्याच्या हातात होती, अजून कोमट. गाडी का बंद पडते हे त्या गल्लीत एकट्या त्यालाच माहीत होतं. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. कुणी विचारणार नव्हतं, आत्यानं तर मुळीच नाही. ती दार उघडून उतरायला लागली होती, आणि उतरताना तिनं दाराच्या कडेवरून एकदा हात फिरवला. 

"आत्या, बस खाली," तो म्हणाला. "पाय ठणठणीत आहे तुझा. लबाडी माझी आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. फळीवरचं चाक, दोन वर्षं, बोल्ट आवळताना मनात काय होतं, काही वगळलं नाही. आत्या नुसता क्लच सोडून गाडी हलवायची, ऍक्सिलरेटरला पायच लावायची नाही, कारण ते जुनं जड चाक स्वतःच्या वजनानं गाडी ओढून न्यायचं. हलक्या चाकाला तेवढा दम नाही. त्याला आधी थोडं पेट्रोल द्यावं लागतं, मग क्लच सोडायचा. सोमवारपर्यंत जुनं चाक परत बसवून देतो, असं म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

आत्या रागावली नाही. ती विचार करत होती.

"म्हणजे शिवणाच्या पायमशिनीचं मोठं चाक काढून विजेवरचं मशीन दिलंस मला," ती म्हणाली. "तेही पायाखाली जपून धरावं लागतं. चाळीस वर्षं पोरींना तेच शिकवलं. आण ती किल्ली."

सहाव्या खेपेला तिनं उजव्या पायानं इंजिन जरासं उठवलं, कान देऊन ऐकलं, आणि डावा पाय सोडला. गाडी गचका न देता निघाली. गल्लीच्या टोकाला तिनं दुसरा गिअर टाकला, इंजिन एकदम वर चढलं, आणि त्या आवाजाच्या मागोमाग आत्याची एक आरोळी ऐकू आली, सहासष्ट वर्षांच्या बाईला न शोभणारी. थांबलेल्या माणसांपैकी एकानं टाळ्या वाजवल्या.

ती पाऊण तासानं परत आली. डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलेलं, केसांचा पार बोजवारा, गाल लाल. इंजिन बंद न करता तिनं आधी बजावलं की हे चाक आता काढायचं नाही, हात लावलास तर याद राख. टाकीच्या चढावर एवढी मजा तिला ऐन तिशीतसुद्धा आली नव्हती. मग तिनं भाच्याकडे नीट बघितलं.

"तुझं एक वाईट झालं बघ," ती म्हणाली. "माझे गुडघे थकतील तसतसा तू क्लच हलका करत जाणार. मी काय ओळखत नाही तुला? अशानं ही गाडी तुला कधीच मिळायची नाही."

भाच्यानं ऐकलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण हसतोय. लहानपणापासून तो देवाकडे एकच गोष्ट मागत आला होता. ती मिळू नये असं त्याला आज पहिल्यांदाच, अगदी मनापासून, वाटत होतं.