साबणाची बाजू

सामान हलवणाऱ्यांच्या घरात सून म्हणून आलं, की स्वयंपाकघराच्या आधी दोर ताब्यात घ्यावा लागतो, असं तिचा दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. थट्टेत सांगायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कुठली गाठ ओढल्यावर आवळते आणि कुठली झटक्यात सुटते, हे तिला कळायला लागलं होतं. घरचा धंदाच तो. नवरा, दीर, एक जुना टेम्पो आणि लोकांची जडच्या जड कपाटं.

तरी दोर धरून वर उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ. ते काम नवऱ्याचं. पण त्याच्या कमरेत उसण भरली होती आणि डॉक्टरांनी उशीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं होतं. त्याला खाली टेम्पोत बसवून ठेवलं होतं. तो सुखासुखी बसला नव्हता. "फळ्या तेवढ्या लावून जातो," असं म्हणत दारात घोटाळत राहिला. "बसा गुपचूप. मला येतं सगळं," म्हणून तिने त्याला पार उडवून लावलं. नवऱ्याला उडवून लावायची संधी रोज थोडीच मिळते. तिने ती सोडली नाही.

फळ्यांचं त्यांच्या घरात एक शास्त्र होतं. जिन्यावर दोन लांब फळ्या उतरत्या टाकायच्या आणि कपाट पाठीवर निजवून त्यांच्यावरून सरकवायचं. फळीची एक बाजू साबण चोळून चोळून गुळगुळीत केलेली, ती सामान वर चढवताना वापरायची, म्हणजे ओढायला जोर कमी लागतो. दुसरी बाजू रंधा न मारलेली, खरखरीत. ती उतरवताना. खरखरीत बाजूवर कपाट आपणहून घसरत नाही, खालच्याने जरा हलवलं तरच पुढे येतं. म्हणून कपाटाला बांधलेल्या दोराचा वर खांबाला एकच वेढा पुरतो. जास्त वेढे घेतले तर दोर अडकतो आणि कपाट मध्येच रुसून बसतं. हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

कपाटाची मालकीण कुंड्या घेऊन नव्या घरी पुढे गेली होती. रिकाम्या घराचं दार उघडंच होतं, शेजाऱ्यांना जिन्यात येऊ नका म्हणून सांगून ठेवलेलं होतं. दोर घेऊन सून वरच्या कठड्याच्या जाड लोखंडी खांबाशी उभी राहिली. दीर कपाटाच्या पायथ्याशी, खांदा लावून, उलटा उलटा एकेक पायरी उतरत होता. कपाट त्याच्याहून उंच, आरसा चादरीत गुंडाळलेला. तिला वरून त्याचे फक्त केस दिसत होते.

"सोडा, वहिनी. हळूहळू. सासूबाईंवरचा राग दोरावर काढू नका."

"तुम्ही बोला कमी आणि पायाखाली बघा."

पहिल्या काही पायऱ्या बऱ्या गेल्या. मग तिच्या लक्षात आलं, की दीर 'सोडा' म्हणायच्या आधीच दोर सुटतोय. तिने मूठ आवळली. कपाट थांबलं, पण थांबताना पुढे गेल्यासारखं वाटलं. अशी शंका मनात येते आणि आपण ती झटकून टाकतो. तिनेही झटकली. पुढच्या खेपेला दोर हातातून वीतभर सरकला आणि तळव्याला चटका बसला.

तेवढ्यात तिला वास आला. बंद जिन्यात, लाकूड आणि धुळीच्या वासात, कपडे धुवायच्या साबणाचा वास.

तिने वरच्या उघड्या फळीकडे पाहिलं, ती गुळगुळीत होती. काल त्यांनी दुसऱ्या एकाचं सामान वर चढवलं होतं. फळ्या तशाच एकावर एक बांधून टेम्पोत टाकल्या, आज सकाळी तिने तशाच उचलल्या आणि तशाच जिन्यावर अंथरल्या. पालटायच्या राहिल्या. रोज नवरा पालटायचा, कुणी न सांगता, चहाचा कप बाजूला ठेवावा तितक्या सहज. म्हणून तर तो दारात घोटाळत होता.

"भावजी," ती जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा."

"बाजूला होऊन काय करू? कपाटाला एकट्याला जिना उतरता येत असता तर आपल्याला कोण बोलावणार होतं?"

"चेष्टा नको. फळ्या उलट्या लागल्यात. साबणाची बाजू वर आहे."

 खालून आवाज आला तो वेगळाच होता, बारीक. "तरीच खांद्यावर एवढं येतंय. वेढे किती आहेत?"

"एकच."

 घसरत्या सामानाला हात लावायचा नाही, सरळ पळायचं, हे त्या घरात जेवणाच्या ताटावरसुद्धा सांगितलं जायचं. पण ते जमिनीवर उभं राहून सांगायला सोपं. एकदा खांद्यावर वजन आलं, की माणसाला वाटतं आपणच ते धरून ठेवलंय, आपण हललो की संपलं. शिवाय पळायचं तर त्याला खालच्या वळणापर्यंत उलट्या पायांनी उतरायचं होतं, आणि कपाट सुटलं असतं तर ते त्याच्या आधी पोचलं असतं.

"दादाला हाक मारा," दीर म्हणाला. "पाचरा टेम्पोत आहेत. तो घालेल खालून."

"नाही."

ती नवऱ्याला ओळखून होती. हाक ऐकली की तो पाचरा घेऊन येणार नाही, धावत येईल आणि भावाशेजारी आपलाही खांदा लावेल. मग कपाटाखाली एकाच्या जागी दोघं.  दोर बोटाबोटाने सरकत होता. स्थिर उभं असलेलं कपाट हलवायला नाकात दम येतो, पण एकदा हललं की त्याला थांबवायला त्याहून जास्त लागतं, हे ती शंभरदा ऐकत आली होती. आज ते तिच्या मनगटांना कळत होतं.

दुसरा वेढा हवा होता. खांबाला वेढा घ्यायचा तर दोराचं टोक मागून पुढे आणायला एक हात सोडावा लागणार, आणि एका हाताने हे वजन क्षणभरसुद्धा राहिलं नसतं. तिला रडू येत होतं. रागही येत होता, स्वतःचा. मला येतं सगळं, म्हणे.

मग तिने ते केलं, जे करायचं नाही म्हणून नवऱ्याने तिला सगळ्यात आधी शिकवलं होतं. दोर दोन्ही हातांत धरूनच ती खांबाकडे पाऊलभर सरकली आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. दोर तिच्या कमरेभोवती आवळला. पाय तिने खांबाच्या बुडाशी रोवले. हातांवरचा ताण एकदम उतरला आणि सगळा कमरेवर आला.

"दुसरा वेढा घेतला," ती म्हणाली. "आता तुम्ही सुटा. खांदा हळूच काढा आणि वळणापलीकडे जा."

"नक्की घेतला?"

"खोटं कशाला सांगू?"

"मी सोडल्यावर झटका बसेल तुम्हाला."

"माहीत आहे मला. जा म्हणते ना."

त्याने खांदा काढला. कपाट हातभर खाली गेलं आणि दोर तिच्या कमरेत असा रुतला, की तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. कुडता टरकला. ती खांबावर आपटली आणि तिथेच चिकटून राहिली. खालून त्याच्या चपलांचा आवाज येत होता, एक पायरी, मग दुसरी, मग थांबला. तो का थांबला? वर बघायला थांबला असेल. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला छातीत श्वास नव्हता. ती नुसती धरून राहिली. चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि मग लांबून, भिंतीआडून हाक आली.

"पोचलो, वहिनी."

तिने उलटी गिरकी घेतली आणि हात उघडले.

कपाटाने जिना उतरायला किती वेळ घेतला ते तिला कळलं नाही. आवाज मात्र सगळ्या इमारतीला कळला. आरसा, दारं, वळणावरच्या भिंतीचा गिलावा. मजल्यामजल्यावरची दारं उघडली. त्या गोंधळात खालून कुणीतरी धावत येत होतं, आणि ती पावलं कुणाची ते तिला पाहायची गरज नव्हती.

नवऱ्याने तुटलेल्या फळकुटांवरून उड्या मारल्या, कमरेची पर्वा न करता. वळणावर भाऊ उभा दिसल्यावर त्याने त्याला धरलं आणि चाचपायला लागला. खांदे, दंड, कोपर. सामान उतरवल्यावर कुठे टवका उडालाय का बघतात तसा.

"अरे दादा, बरा आहे मी."

"थांब. मागे वळ, पाठ बघू दे."

"फळ्या मी उलट्या लावल्या," ती वरून म्हणाली. कुणीतरी विचारायच्या आधी तिला ते सांगून टाकायचं होतं. "पालटल्या नाहीत. चूक माझी."

नवऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही. दीर मात्र वर बघत होता, खांबाकडे. दोराच्या वेढ्याने गंज खरवडून निघालेला पट्टा तिथे एकच होता. त्याने तो पाहिला, मग तिचा फाटलेला कुडता पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा," तो म्हणाला, "मला सोड. वर जा. वहिनींनी दुसरा वेढा अंगाला घेतला होता."

नवरा वर आला, हळूहळू, कठडा धरत. आता कंबर बोलत असावी. तो चिडणार, हे ती धरूनच चालली होती, तिने उत्तरही तयार ठेवलं होतं.  पण तो तिच्यासमोर पायरीवर बसला. तिच्या दोन्ही मुठी पुन्हा आपोआप मिटल्या होत्या, दोर नसताना.

"उघड," तो म्हणाला.

"उघडत नाहीत."

मग त्याने तिचा हात मांडीवर घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागला.