वरचं माप

मापवाल्याचा एकच नियम होता आणि तो त्याने वीस वर्षं सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता: छताखालच्या जाळीचं माप छताखालीच घ्यायचं. जमिनीवर उभं राहून घेतलेलं माप म्हणजे निव्वळ थाप. भिंत खाली कितीही शहाण्यासारखी उभी असली तरी वर गेल्यावर काय थेरं करते, ते शिडी चढल्याशिवाय कोणाच्या बापाला कळत नाही. असं छाती ठोकून सांगणारा हा माणूस नेमका या हॉलमध्ये शिडी चढला नाही. आयुष्यात एकदाच चढला नाही, पण तेवढं पुरलं.

हॉल व्हॉलीबॉलचा. चेंडू लागून वरचे दिवे फुटू नयेत, फुटलेच तर काचा खेळणाऱ्यांच्या डोक्यात पडू नयेत, म्हणून छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळी बांधायची होती. मापवाल्याने खाली फरशीवर टेप टाकली, वहीत रुंदी लिहिली अठरा मीटर वीस, आणि घर गाठलं. जाळी कापणाऱ्या बाईने, तिला सगळे कातरवालीच म्हणत, त्यात झोळासाठी नेहमीचे चाळीस सेंटिमीटर धरून जाळी कापली. ती वर चढवली तर शेवटच्या हुकांपर्यंत पोचेना. बांधणारा गडी मचाणावरून वाकून ओढायला गेला, दोर हातातून निसटला, आणि तो नऊ मीटरवरून जाळीसकट खाली आला. जागच्या जागी गेला. तो मापवाल्याचा जावई होता.

त्याला आता महिना झाला होता. जावयाचे पाय जाळीत अडकले होते म्हणून लोकांनी त्या जाळीचे तुकडे तुकडे केले, त्यामुळे ती किती लांब होती हे सांगायला जाळीच उरली नव्हती. मालकाने ठरवून टाकलं, चूक कात्रीची. कातरवालीला घरी बसवलं. पण ती बाई ऐकणारी नव्हती. रोज कारखान्याच्या दारात येऊन उभी राहायची आणि एकच म्हणायची, "हॉल पुन्हा मोजा. माझ्या डोळ्यांसमोर मोजा." शेवटी मालक वैतागला आणि हो म्हणाला. मोजायला पाठवलं कोणाला, तर मापवाल्यालाच! आता काय बोलावं? वीस वर्षांचा विश्वास होता त्याच्यावर.

त्या सकाळी मुलगी बापाच्या गुडघ्याला तेल चोळत बसली होती. आपल्या लहान लेकीला, छोटीला घेऊन ती त्याच्याकडेच राहायला आली होती, आणि सकाळ-संध्याकाळ तेलाची वाटी कधी चुकली नव्हती.

"आज कळेल ना बाबा?" ती म्हणाली. "त्या बाईचे हात झडले पाहिजेत. माझं घर बुडवलं तिने."

तिला या जगात आता बापाशिवाय कोणी नव्हतं, आणि खरं बाहेर पडलं तर बापही राहणार नव्हता. महिनाभर हेच मनात घेऊन तो तिच्या हातचं जेवत होता.

हॉलमध्ये दोन मचाणं लावली होती. पलीकडच्या भिंतीशी लंबू चढला, जावयाचा जोडीदार, त्या दिवशी त्याच्या शेजारीच उभा असलेला. त्याने टेपचं टोक भिंतीला लावून धरलं. खाली कातरवाली वही-पेन्सिल घेऊन उभी. मापवाला एकेक पायरी मोजत वर चढला. गुडघ्यातून कळा येत होत्या, पण आज चढला बरं का! तेव्हा दुखत होता तसाच आजही दुखत होता.

वर गेल्यावर त्याने भिंतीवर हात टेकला. भिंत बाहेर झुकली होती. चांगली वीतभर. समोरचीही तशीच. त्याने टेप ताणून आकडा बघितला. अठरा बासष्ट. झोळासाठी ठेवलेलं सगळं भिंतींनीच खाऊन टाकलं होतं, वर दोन बोटं जास्त.

"किती, दादा?" खालून कातरवालीने विचारलं.

त्याच्या डोळ्यांसमोर मुलगी आली, तेलाची वाटी आली.

"अठरा वीस," तो म्हणाला.

"नीट बघा, दादा. माझ्या पोटावर पाय येतोय."

"बघितलं. लिही."

तिने लिहिलं. भांडली नाही, ओरडली नाही, नुसती खाली बसली. महिनाभर ताठ उभी असलेली बाई ती, फरशीवर मटकन बसली.

तेवढ्यात पलीकडून लंबू बोलला. "म्हणजे त्याचंच बरोबर होतं म्हणायचं, काका."

"कोणाचं?"

"तुमच्या जावयाचं. मी त्या दिवशी त्याला म्हटलं, अरे बाबा, जाळी आखूड आहे, परत पाठवू. तर म्हणाला, येड्या, हे मामांचं माप आहे. मामांचं माप चुकत नसतं, आपलाच जोर कमी पडतोय. आणि वाकायला जमेना म्हणून कमरेचा सुरक्षेचा पट्टा सोडला त्याने. मी नको नको म्हणत होतो."

मापवाल्याने दोन्ही हातांनी लोखंडी पाइप घट्ट धरला. लेकाच्या, एवढा विश्वास कशाला ठेवलास माझ्यावर, असं त्याला ओरडावंसं वाटलं. ओरडायचं कोणावर?

"खोड ते," तो खाली बघून म्हणाला.

"काय?" कातरवालीने मान वर केली.

"खोड म्हणतोय ना! अठरा बासष्ट लिही. मालकाला सांग, मापवाला तेव्हा वर चढलाच नव्हता. तुझी कात्री बरोबर होती."

लंबूच्या हातून टेपचं टोक सुटलं आणि खडखडत जमिनीवर जाऊन पडलं. मापवाला खाली उतरला, फरशीवरचं माप लिहिलेली आपली वही कातरवालीच्या हातात दिली आणि सरळ घरी गेला.

संध्याकाळी मुलगी नेहमीसारखी वाटी घेऊन आली. त्याचा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली.

"कळलं का, बाबा? कोणाची चूक निघाली?"

"माझी," तो म्हणाला. "त्या बाईची काही चूक नाही. मी खालूनच माप घेतलं होतं."

तिला पहिल्यांदा उमगलंच नाही. तिचे हात तसेच फिरत राहिले.

"खालून? तुम्ही? का?"

"गुडघा दुखत होता गं."

तिचे हात थांबले. गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या दोन्ही तळव्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने तो पाय मांडीवरून खाली ठेवला, उठून मोरीवर गेली आणि हात धुवायला लागली. छोटीने दोनदा हाक मारली तरी नळ बंद झाला नाही.