साहेब यायच्या आधी लपवलेलं स्टूल

मी बोलतोय. मी म्हणजे बायकांच्या वॉर्डातलं लोखंडी स्टूल. रंग कधीकाळी पांढरा होता, आता विचारू नका.

कारखान्यातून आम्ही चाळीस जण एकाच ट्रकमधून दवाखान्यात आलो. बाकीचे पेशंटांच्या खाटांपाशी गेले. मी एकटा कामवाल्यांच्या वाट्याला आलो. चौघींत मिळून एकच स्टूल.

माझ्यावर सगळ्यात जास्त हक्क आयाबाईंचा. अख्खा वॉर्ड त्यांना मावशी म्हणतो. बसायच्या कसल्या, टेकायच्या. तेवढ्यात हाक यायचीच, "मावशी, भांडं द्या!" की गुडघे दाबत उठल्या. माझा एक पाय लचकला तेव्हा त्यांनीच त्याला बँडेज गुंडाळलं. म्हणाल्या, "तुझा एक गेलाय, माझे दोन. अजून दोन वर्षं नोकरी आहे रे बाबा. तोवर तूही टिक, मीही टिकते."

पण वॉर्डाची एक रीत होती. मोठे साहेब राउंडला निघाले की मेट्रनबाई आधी धावत यायच्या आणि मला पडद्यामागे ढकलायच्या. बसलेलं माणूस म्हणजे कामचुकार! मावशींनी धाकट्या सिस्टरकडून तीनदा खुर्चीचा अर्ज लिहून घेतला. तिन्ही वेळा मेट्रनबाईंचं एकच उत्तर, "आम्ही तीस वर्षं उभ्यानं काढली, मेलो का?"

नाही मेल्या. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात, त्या तेवढ्या कुणाला दाखवत नाहीत. आपण सोसलं म्हणून दुसऱ्यानंही सोसायचं, आणि याला म्हणे अनुभव म्हणतात.

मग एके दिवशी वॉर्डातच सत्कार झाला. आदर्श कर्मचारी, मावशी! साहेब कौतुकानं म्हणाले, "दहा वर्षांत यांना मी एकदाही बसलेलं पाहिलं नाही." टाळ्या कडाडल्या. मी पडद्यामागे होतो. मावशींच्या हातात फुलं होती आणि खिशात चौथा अर्ज. तो खिशातच राहिला.

त्यांचा उभा फोटो व्हरांड्यात टांगायला सुतार चढला, तोही माझ्यावरच. बँडेजवाला पाय मोडला. सुतार वाचला, मी गेलो. तेव्हापासून जिन्याखाली भंगारात पडलोय. इथून व्हरांडा दिसतो.

आज सकाळी साहेब आले, तर मावशी फोटोखाली फरशीवर पाय पसरून बसलेल्या.

"अहो, उठा! साहेब आलेत," मेट्रनबाई दबक्या आवाजात खेकसल्या.

"वर उभी आहे की मी," मावशी फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या. "साहेबांना तिच्याशी बोलू द्या. मला आज उठवत नाही."

साहेब थबकले. आधी भिंतीकडे पाहिलं, मग खाली. सवयीनं मेट्रनबाईंचे हात ढकलायला पुढे आले आणि तसेच थांबले. या वेळी समोर स्टूल नव्हतं.

उद्या भंगारवाला मला नेईल. नेऊ दे. तुम्हाला कुणाला हार घालायचा असेल तर खुशाल घाला. फक्त आधी त्यांना बसायला द्या.