जुळणीच्या टेबलावरची भिंत

नवं सरकार आलं आणि कामगारांचे कायदे बदलणार अशी बातमी छापून आली, तेव्हा बाइंडिंगच्या कारखान्याच्या मालकाने पहिलं काम काय केलं असेल? त्या वर्तमानपत्राची घडी घातली आणि खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.

"सरकारं येतात नि जातात," तो बायकोला म्हणाला. "आपण पुस्तकं बांधायची."

मंडळी, हा मालक काही वाईट माणूस नव्हता. कामावरच्या कोणाच्या घरी आजारपण निघालं तर स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायचा. पण कोणी हक्काचं म्हणून काही मागितलं की कपाळाला आठी पडायची. आपणहून दिलं तर माया, समोरच्याने मागितलं तर माज! असे मालक आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. कधी कधी ते आपल्याच आरशात असतात.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या अंगाला मोठं दार, मागच्या बोळात लहान दार आणि मधोमध लांबलचक टेबल. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घातल्या की त्यांना फर्मे म्हणत. ते टेबलाच्या कडेने क्रमाने रचून ठेवायचे आणि बायकांनी टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा. फेरी संपली की हातात अख्खं पुस्तक. याला जुळणी म्हणत. फेरीत सगळ्यांत पुढे असायच्या काकू. कारखान्याचं दार पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी त्या आत आल्या होत्या. त्यांचे पाय जेवढे चालत, तेवढीच जीभही चालत असे.

कायदा अखेर झाला. ठरावीक संख्येहून जास्त माणसं असतील तिथे प्रत्येकाला नेमणूकपत्र, ठरलेले तास, जादा कामाचा जादा मोबदला, आठवड्याची पगारी सुट्टी. मालक रात्री हिशेबाची वही उघडून बसला. प्रकाशक दर वाढवून देणार नाहीत, सरकार सूट देणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

तो एका सल्लागाराकडे गेला. सल्लागार म्हणाला, "अहो, कायदा तुम्हाला लागत नाही, संख्येला लागतो. संख्या फोडा."

"माणसं काढू? एवढं काम कोण करेल?"

"माणसं कशाला काढता? मध्ये भिंत घाला. पुढचा कारखाना तुमचा, मागचा बायकोच्या नावाचा. दोन्हीकडे संख्या कमी. साप मेला, काठीही शाबूत!"

बायकोला हे पटलं नाही. "ज्यांच्यासाठी कायदा आलाय, त्या बायकांना एकदा विचारलंत का, त्यांना नक्की काय हवंय? कदाचित तुम्ही घाबरताय त्याच्या अर्ध्यानेही भागेल."

"विचारलं की मागणं वाढतं. तू सही कर."

"करते. पण मालकीण केलीत तर मी मालकीण होईन हं. नंतर कुरकुर करायची नाही."

प्लायवुडची भिंत उभी राहिली. टेबल जड, हलवता येईना, म्हणून भिंत टेबलावरूनच आडवी गेली. फर्मे इकडून तिकडे द्यायला मध्ये एक लहान खिडकी ठेवली. पंखा पुढे राहिला, पुस्तकं चिकटवायच्या खळीची पिंपं मागे. मागच्या बायकांना आंबूस वास आणि उकाडा, पुढच्यांना प्यायचं पाणी नाही, कारण माठ मागे. फेरी तर मोडलीच. भिंतीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं.

"काय हो काकू, कसं काय चाललंय?" मालकाने एकदा विचारलं.

"चालतंय कुठे? अडतंय," काकू म्हणाल्या.

मालकही अडकला होता. पुढून मागे जायचं तर रस्त्यावर उतरा, कोपरा वळा, बोळातून आत या. दिवसभर त्याची वरात चाललेली. रस्त्यावर सरकारी पाटीची गाडी दिसली की हा शेजारच्या दुकानाच्या आडोशाला. भिंत त्याने कायद्याला अडवायला घातली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोंडला गेला होता तोच.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. कारखान्यात एकाच मापाची दोन पुस्तकं बांधणीला होती. एक नव्या कामगार कायद्याचं मार्गदर्शक, दुसरं कुक्कुटपालनाचं. पूर्वी एक फेरी मारली की चूक चटकन डोळ्यांत भरायची. आता पुढच्या बायकांनी अर्धं पुस्तक जुळवून खिडकीतून द्यायचं आणि मागच्यांनी अंदाजाने उरलेलं लावायचं. मागे ढीग उलटसुलट लागले आणि कोणालाच कळलं नाही. एका सकाळी प्रकाशक लालबुंद होऊन आला आणि त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, "'मालकाने प्रत्येक नव्या कामगारास पहिल्याच दिवशी'... पान उलटा... 'भरपूर पाणी पाजून खुराड्यात सोडावे'! हे बाजारात नेऊ मी?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. मालकाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्या प्रती उसवून पुन्हा बांधून द्यायचं त्याने कबूल केलं आणि प्रकाशकाची पाठ वळताच तणतणत बोळातून मागच्या भागात शिरला.

तो तिथे ओरडत असतानाच पुढच्या दाराशी गाडी थांबली. कामगार खात्याच्या अधिकारी बाई आल्या होत्या! भिंतीतल्या खिडकीची कडी मागच्या बाजूने कोणीतरी घाईने लावली. नवऱ्याचा डबा घेऊन आलेली बायको पुढच्या भागात आणि मालक मागे. बोळातून बाहेर पडावं तर रस्त्यावर समोरच सरकारी गाडी उभी. तो खळीच्या पिंपावर मटकन बसला.

भिंतीपलीकडून आवाज आला, "या कारखान्याचे मालक कुठे आहेत?"

"आहेत इथेच," बायको म्हणाली.

"आणि पलीकडे कोणाचा कारखाना?"

"कागदावर माझा."

मालकाने कपाळाला हात लावला. शेजारी काकू उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मालक, एक विचारू?"

"काकू, आत्ता नको! ऐकतील."

"मी काही मोठ्याने विचारत नाही. तुमच्या सल्लागारांनी अंगठा घेतला ना माझा, तेव्हा म्हणाले, 'काकू, तुम्ही आता वहिनींच्या कारखान्यात नव्याने लागलात.' मग माझी आधीची वर्षं कुठे गेली हो? पुढच्या बाजूला राहिली की भिंतीत?"

मालकाने मान वर करून काकूंकडे पाहिलं.

"या टेबलाभोवती माझे केस पांढरे झाले," काकू म्हणाल्या. "पैसे कमी दिलेत तेव्हा घेतले. पण उद्या कोणी विचारलं, 'म्हातारे, जन्मभर काय केलंस?' तर काय सांगू? कालच लागले म्हणून?"

पलीकडे अधिकारी बाई काही विचारत होत्या, बायको उत्तर देत होती; मालकाला त्यातलं काही ऐकू येईना. भिंतीची काळजी करता करता तिच्याखाली कोण गाडलं गेलं हे त्याने पाहिलंच नव्हतं! तो ताडकन उठला. कडी काढली, खिडकी उघडली आणि डोकं पलीकडे काढलं.

"मालक मी आहे! इकडचाही आणि तिकडचाही!"

अधिकारी बाई दचकून मागे सरल्या. मालकाने पुढे येण्याचा प्रयत्न केला, तर खांदे अडकले. आता पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

"अहो, आधी बाहेर तर या," बायको म्हणाली.

"येऊ कसा? अडकलोय!"

मागून काकूंनी आणि आणखी दोघींनी कंबर धरून ओढलं तेव्हा तो सुटला. बोळातून वळसा घालून, घाम पुसत अधिकाऱ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळं खरं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मी आज दंड करायला आलेच नव्हते. कायदा लागू व्हायला अजून मुदत आहे. तोवर आम्ही समजावत फिरतोय, अडचणी लिहून घेतोय. तुम्ही नुसतं विचारायला आला असतात तरी सांगितलं असतं. पण अशा भिंतीला मात्र मुदत नसते हं."

"उद्या नसेल ती," मालक म्हणाला.

"उद्या कशाला?" बायको म्हणाली. "अर्धी मालकी माझी आहे. माझी अर्धी आज पाडते!"

भिंत त्याच दुपारी उतरली. सगळे टेबलाभोवती बसले आणि मालकाने पहिल्यांदाच विचारलं, "बोला, तुम्हाला काय हवंय?" कोणी म्हणालं, सुट्टीचा वार आधी ठरवा. कोणी म्हणालं, जादा काम असेल तर सकाळीच सांगा, संध्याकाळी नको; घरी पोरं वाट बघतात. काकू म्हणाल्या, "माझी वर्षं लिहा." बायकोने प्रत्येकीला विचारून विचारून नेमणूकपत्रं तयार केली आणि काकूंच्या पत्रावर कारखाना उघडल्याची तारीख घातली. मालक प्रकाशकांकडे गेला आणि दर का वाढवावा लागतो ते त्याने स्पष्ट सांगितलं. एकाने काम काढून घेतलं. दोघांनी नाक मुरडलं, पण काम ठेवलं. वर्ष ओढाताणीचं गेलं, नाही असं नाही. पण गाडी थांबल्याचा आवाज आला तर मालक आता मान वर करून बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

काकूंच्या पहिल्या पगारी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या जागी बदलीची बाई फेरी मारत होती, तर काकू दारात हजर.

"काकू, आज सुट्टी आहे तुमची!"

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून ऐसपैस बसल्या. "आजवर बसले की पगार कापला जायचा. आज बसल्या जागी मिळतो म्हणे. म्हटलं, तुमच्यासमोर बसूनच बघावं!"

मालक खो खो हसला आणि त्याने स्वतःच्या हाताने त्यांना चहा आणून दिला.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या हाताखाली चार माणसं राबतात त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. सरकार बदलतं, कायदे बदलतात. ते आपल्या हातात नाही. पण बदल दिसू लागला की पळवाट शोधण्याआधी कायदा स्वतः वाचावा, अडेल तिथे अधिकाऱ्याला विचारावं आणि सगळ्यांत आधी आपल्या माणसांबरोबर बसावं. जो मालक वेळेवर तयारी करतो त्याला कायद्याची भीती राहत नाही. आणि माणसाच्या कष्टाची वर्षं पुसून कोणाचाही धंदा मोठा होत नाही.